कुलाब्याची नोंदवही आणि पृथ्वीचे सामाईक भांडार

आपल्या प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये आज एक होकायंत्र असते. नकाशा उघडला की निळा बाण उत्तरेकडे वळतो, आणि आपण त्याविषयी फारसा विचार न करता रस्ता शोधू लागतो. परंतु त्या बाणामागे सुमारे दोनशे वर्षांचा एक सामूहिक प्रयत्न उभा आहे. जगातील शेकडो माणसांनी, निरनिराळ्या देशांत, एकमेकांना कधीही न भेटता, एकाच प्रकारची नोंद ठरावीक वेळी केली आणि ती परस्परांना दिली. या देवघेवीत मुंबईच्या कुलाब्याचा आणि रायगड जिल्ह्यातील अलिबागचा वाटा मोठा आहे. आपल्या संस्थेच्या या स्मरणिकेसाठी विज्ञानविषयक लेख लिहिण्याचे काम आम्हा शिक्षकांकडे आले, तेव्हा हीच कथा निवडावी असे आम्हांला वाटले. तिचे एक कारण लेखाच्या शेवटी येईल.

प्रथम एका शब्दाविषयी. ज्याला आपण रोजच्या बोलण्यात ‘डेटा’ म्हणतो, त्यासाठी मराठीत ‘विदा’ हा शब्द रूढ होत आहे. मोजमापातून मिळालेले, अर्थ लावण्यापूर्वीचे आकडे म्हणजे विदा. या लेखात आम्ही हाच शब्द वापरणार आहोत.

सुई स्थिर नसते

होकायंत्राची सुई उत्तरेकडे स्थिर राहते, असे आपण प्राथमिक शाळेत शिकतो. प्रत्यक्षात ती अगदी थोडी, पण सतत हलत असते. पृथ्वीच्या गाभ्यातील बाह्य थर द्रवरूप लोखंडाचा आहे. त्याच्या प्रवाहामुळे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, आणि हा प्रवाह बदलत असल्याने क्षेत्रही वर्षानुवर्षे हळूहळू बदलते. याशिवाय दुसरा बदल वरून येतो. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा झोत सतत वाहत असतो. तो कधी जोरात आला, तर पृथ्वीभोवतीच्या अवकाशात प्रचंड विद्युतप्रवाह सुरू होतात आणि जमिनीवरील चुंबकीय क्षेत्र काही तास, कधी काही दिवस, अस्वस्थ होते. यालाच चुंबकीय वादळ म्हणतात.

या क्षेत्राची तीव्रता ‘नॅनोटेस्ला’ या एककात मोजतात. पृथ्वीच्या पृष्ठभागावर ती साधारणपणे २५,००० ते ६५,००० नॅनोटेस्ला इतकी असते. सामान्य दिवशी तिच्यात काही दशक नॅनोटेस्लांचा चढउतार होतो. मोठ्या वादळात हा फरक शेकड्यांत जातो.

आता अडचण अशी की, एका ठिकाणी बसून हे दोन्ही बदल वेगळे करता येत नाहीत. सुई हलली, ती गाभ्यामुळे, सूर्यामुळे की शेजारून गेलेल्या लोखंडी गाडीमुळे, हे एकट्या निरीक्षकाला कळणार कसे? त्याच क्षणी दुसऱ्या देशातील सुईही हलली होती काय, हे पाहिल्यावाचून उत्तर मिळत नाही. म्हणजे या शास्त्रात सहकार्य हा केवळ सौजन्याचा भाग नाही. सहकार्य नसेल, तर मोजमापाला अर्थच प्राप्त होत नाही.

एकाच घटकेला सर्वांनी पाहावे

ही गोष्ट सर्वप्रथम ठामपणे मांडली ती जर्मन प्रवासी व शास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी. त्यांच्या आग्रहातून प्रेरणा घेऊन गणितज्ञ कार्ल फ्रीडरिख गाउस आणि भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म वेबर यांनी १८३०च्या दशकात ग्योटिंगेन येथून ‘चुंबकीय संघ’ चालविला. त्याची पद्धत साधी होती. वर्षातील काही दिवस आधीच ठरवायचे. त्या दिवशी सर्व वेधशाळांनी ग्योटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे, दर पाच मिनिटांनी, चुंबकाची स्थिती लिहून ठेवायची आणि ते तक्ते एका ठिकाणी पाठवायचे. तक्ते शेजारी शेजारी ठेवले तेव्हा दिसले की, शेकडो मैल दूर असलेल्या ठिकाणच्या सुया एकाच वेळी सारख्याच थरथरत होत्या.

१८३६ मध्ये हुम्बोल्ट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र लिहून ब्रिटिश साम्राज्याच्या दूरदूरच्या ठाण्यांवरही असे वेध घ्यावेत, असे सुचविले. त्यातून एडवर्ड सबीन यांच्या पुढाकाराने वसाहतींमध्ये चुंबकीय वेधशाळांची साखळी उभी राहिली. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या अखत्यारीत मद्रास, सिमला, सिंगापूर आणि मुंबई ही स्थळे घेतली. मुंबईत कुलाबा येथे १८२६ पासून खगोलीय वेधांसाठी आणि जहाजांना अचूक वेळ देण्यासाठी वेधशाळा होतीच. तेथे १८४१ मध्ये एल्फिन्स्टनचे प्राध्यापक आर्थर ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली चुंबकीय वेध सुरू झाले. १८४६ पासून त्यांना नियमितपणा आला.

मराठी वाचकांच्या परिचयाची दोन नावे येथे भेटतात. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे काही काळ या वेधशाळेची जबाबदारी होती, आणि पुढे गणितज्ञ म्हणून नावाजलेले केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी येथेच मदतनीस म्हणून वेध घेण्याचे काम केले. परंतु बहुसंख्य निरीक्षकांची नावे वाचकाला ठाऊक नाहीत. रात्रंदिवस पाळी लावून, दिव्याच्या उजेडात, दुर्बिणीतून मोजपट्टी वाचून आकडे लिहिणाऱ्या त्या माणसांच्या हातून काय घडत होते, याची कल्पना त्यांना स्वतःलाही नसावी.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नोंदविली पाहिजे. ही साखळी साम्राज्याची होती. कोणते वेध घ्यायचे हे लंडनमध्ये ठरे, आणि आकडेही तिकडेच जात. सबीन यांनी टोरांटो आणि होबार्ट येथील नोंदी ताडून १८५२ मध्ये दाखवून दिले की, सूर्यावरील डागांचे चक्र आणि पृथ्वीवरील चुंबकीय अस्वस्थता एकाच तालावर चालतात. हा शोध थोर होता. पण आकडे लिहिणारा आणि त्यांवरून निष्कर्ष काढणारा यांच्यामध्ये एक समुद्र होता. विदा एकत्र येते तेव्हा ती कोणाच्या हाती एकत्र येते, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

२ सप्टेंबर १८५९

१ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हे सूर्यावरील डागांचे चित्र काढीत होते. एकाएकी डागांच्या समूहावर त्यांना डोळे दिपविणारा पांढरा प्रकाश दिसला. काही मिनिटांत तो मावळला. त्याच वेळी रिचर्ड हॉजसन या दुसऱ्या निरीक्षकानेही तो स्वतंत्रपणे पाहिला. सूर्यावरून निघालेले कण पृथ्वीपर्यंत पोहोचायला बहुधा एक ते तीन दिवस लागतात. या खेपेस ते सतरा-अठरा तासांतच येऊन धडकले.

त्या रात्री क्यूबा आणि हवाईसारख्या उष्ण प्रदेशांतूनही आकाशात लाल ध्रुवीय प्रकाश दिसला. अमेरिकेत बॉस्टन ते पोर्टलंड या तारमार्गावरील तारमास्तरांनी बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि केवळ जमिनीतून आलेल्या या विजेवर काही काळ संदेशांची देवघेव केली. लंडनजवळील क्यू वेधशाळेत छायाचित्रणाच्या पद्धतीने आपोआप नोंद होत असे. पण वादळ एवढे मोठे होते की, प्रकाशाचा ठिपका कागदाच्या कडेबाहेर निघून गेला. यंत्र चालू होते, पण नोंद कागदावर उरली नाही.

मुंबईत तेव्हा सकाळ होती. कुलाब्यास असे स्वयंचलित यंत्र नव्हते; माणूस डोळ्यांनी मोजपट्टी वाचून आकडा लिहीत असे. एरवी दर तासाला एक वाचन पुरे होई. परंतु चुंबक अस्वस्थ दिसला, की पंधरा किंवा पाच मिनिटांनी वाचन करावे, अशी तेथील शिस्त होती. २ सप्टेंबर रोजी अकराच्या सुमारास क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक एकदम खाली घसरला. ही घसरण सुमारे १,६०० नॅनोटेस्ला, म्हणजे मुंबईतील त्या घटकाच्या साधारण चार टक्के होती. निरीक्षकाने तो आकडा लिहिला, पाच मिनिटांनी पुढचा, मग त्यापुढचा. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशातून या वादळाची इतकी सलग व संपूर्ण नोंद देणारी जागा म्हणून जग आज कुलाब्याकडेच पाहते.

विषुववृत्ताजवळची नोंद का महत्त्वाची, हेही सांगितले पाहिजे. वादळात सूर्यकण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकून विषुववृत्ताच्या वर, हजारो किलोमीटर उंचीवर, पृथ्वीला वळसा घालणारा विद्युतप्रवाह निर्माण करतात. त्याला वलयप्रवाह म्हणतात. या प्रवाहाचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट दिशेने काम करते, म्हणून जमिनीवरील क्षितिजसमांतर घटक कमी होतो. ध्रुवांजवळ इतर अनेक प्रवाहांचा गोंधळ असतो. मुंबईसारख्या ठिकाणी मात्र वलयप्रवाहाचा परिणाम पुष्कळसा स्वच्छ दिसतो. वादळाचा जोर ठरविण्याचे माप आजही याच घसरणीवरून काढले जाते.

ट्राम आली आणि वेधशाळा हलली

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम आणण्याचे ठरले. रुळांतून व जमिनीतून वाहणारी वीज चुंबकीय वेध बिघडविणार, हे उघड होते. त्या वेळी कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस हे प्रमुख होते. समुद्रापलीकडे, सरळ रेषेत सुमारे तीस किलोमीटर अंतरावरील अलिबागची निवड झाली. आपल्याकडचा काळा पाषाण स्वतःच काही अंशी चुंबकीय असतो, म्हणून अलिबागची वेधगृहे चुंबकीय गुणधर्म नसलेल्या दगडात, लोखंडाचा खिळाही न वापरता बांधण्यात आली.

१९०४ मध्ये अलिबागला वेध सुरू झाले. परंतु त्या दिवशी कुलाब्याचे वेध थांबविण्यात आले नाहीत. पुढील सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप चालू ठेवले गेले. यामुळे कुलाब्याचा आकडा आणि अलिबागचा आकडा यांत किती फरक पडतो, हे निश्चितपणे कळले, आणि साठ वर्षांची जुनी मालिका नव्या मालिकेला न तुटता जोडता आली. मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील सर्व विदा तपासून १९१० मध्ये दोन भागांत छापून प्रसिद्ध केली. छापील खंड जगभरच्या ग्रंथालयांत गेले. मूळ वही एकाच ठिकाणी असते आणि आगीत, पावसात नष्ट होऊ शकते. छापून वाटलेले आकडे सहसा नष्ट होत नाहीत. विदेचे संरक्षण करण्याचा सर्वांत जुना उपाय ती वाटून टाकणे हाच आहे.

ट्राम १९०७ मध्ये धावू लागल्या आणि कालांतराने बंदही झाल्या. अलिबागचे वेध मात्र आजही चालू आहेत.

शीतयुद्धातील एक अपवाद

१ जुलै १९५७ ते ३१ डिसेंबर १९५८ हा काळ ‘आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्ष’ म्हणून पाळण्यात आला. ६७ देशांनी भाग घेतला. अमेरिका आणि सोव्हिएत संघ त्या दिवसांत एकमेकांकडे संशयाने पाहत होते. तरीही पृथ्वीविषयीची विदा सर्वांना मिळाली पाहिजे, यावर दोघांचे एकमत झाले. त्यासाठी ‘जागतिक विदा केंद्रे’ स्थापन करण्यात आली. पहिले अमेरिकेत, दुसरे सोव्हिएत संघात आणि तिसरे पश्चिम युरोप, जपान इत्यादी देशांत विभागून. प्रत्येक नोंदीची प्रत निरनिराळ्या केंद्रांत असावी, म्हणजे एखादे केंद्र युद्धात वा अपघातात नष्ट झाले, किंवा एखाद्या सरकारने दार लावून घेतले, तरी विदा शिल्लक राहील, असा विचार त्यामागे होता.

पहिला कृत्रिम उपग्रह स्पुटनिक आणि अमेरिकेचा एक्सप्लोरर-१ हे दोन्ही याच काळात सोडले गेले. भारतातही दक्षिणेकडे, चुंबकीय विषुववृत्ताजवळ, नवी चुंबकीय वेधकेंद्रे सुरू झाली. या विषुववृत्तावरील आकाशातील विद्युतप्रवाहाचा अभ्यास करता यावा, म्हणूनच पुढे थुंबा हे गाव अग्निबाण प्रक्षेपणासाठी निवडले गेले. १९६३ साली तेथून पहिला अग्निबाण उडाला. आपल्या अवकाश कार्यक्रमाचा पाया चुंबकसुईच्या अभ्यासात आहे, हे सहसा सांगितले जात नाही.

१९७१ मध्ये अलिबागचा कारभार भारतीय भूचुंबकत्व संस्था या स्वायत्त संस्थेकडे आला. तिचे मुख्य कार्यालय आज नवीन पनवेल येथे आहे, आणि भूचुंबकत्वाचे मुंबईतील जागतिक विदा केंद्रही तीच चालविते. ज्या गावाकडून आकडे एकेकाळी लंडनला जात, ते गाव आता स्वतःच जगाला विदा देणारे केंद्र झाले, हा बदल लहान नाही.

वहीचे दुसरे आयुष्य

२००३ मध्ये अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी, ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेस आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे जी. एस. लखीना व एस. अलेक्स यांनी मिळून एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी १८५९च्या कुलाब्यातील नोंदी पुन्हा तपासल्या आणि आजच्या मापाने त्या वादळाचा जोर सुमारे उणे १,७६० नॅनोटेस्ला असावा, असा अंदाज मांडला. तुलनेसाठी सांगायचे तर, १९५७ पासून या मापाची नियमित नोंद होत आहे आणि तेव्हापासूनचे सर्वांत मोठे वादळ, मार्च १९८९चे, उणे ५८९ एवढेच होते. त्या १९८९च्या वादळात कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीजव्यवस्था कोलमडून सुमारे ६० लाख माणसे नऊ तास अंधारात होती. मग १८५९सारखे वादळ आज आले, तर वीजवाहिन्या, उपग्रह, विमानांचे संदेशवहन यांचे काय होईल? जगभरच्या सरकारांना हा प्रश्न गांभीर्याने घ्यावा लागला, त्यामागे मुंबईतील एका सकाळचे काही आकडे आहेत.

कथा येथे संपत नाही. इतर शास्त्रज्ञांनी याच आकड्यांकडे पाहून शंका घेतली. आजचे माप तासाच्या सरासरीवर काढतात. कुलाब्याचा नीचांक मात्र काही मिनिटांचा होता. तासाची सरासरी घेतली, तर वादळाचा जोर उणे ८५० ते ९०० इतकाच ठरतो, असे त्यांचे म्हणणे. ती तीव्र घसरण खरोखर वलयप्रवाहाची, की वातावरणाच्या वरच्या थरातील दुसऱ्या एखाद्या प्रवाहाची, हाही वाद आहे. २०२२ मध्ये जपानी संशोधकाच्या पुढाकाराने काही देशांच्या शास्त्रज्ञांनी कुलाब्याच्या छापील वार्षिक खंडांकडे परत जाऊन क्षेत्राच्या तिन्ही घटकांचे आकडे नव्याने काढले. त्यांचा अंदाज पुन्हा थोडा वेगळा आला.

कोणाला वाटेल की, शास्त्रज्ञांचे एकमत नाही, म्हणजे विदेत खोट आहे. आमच्या मते नेमके उलट आहे. निष्कर्षाबद्दल भांडता येते, कारण आकडे सर्वांसमोर आहेत. ते जर एका कपाटात बंद असते, तर पहिल्या निबंधावर विश्वास ठेवावा किंवा ठेवू नये, एवढेच हाती उरले असते. खुली विदा आपल्याला मान्य करण्याचे नव्हे, तर तपासण्याचे स्वातंत्र्य देते.

आजचे जाळे

१९८०च्या दशकाच्या अखेरीस अनेक देशांच्या वेधशाळांनी ‘इंटरमॅग्नेट’ नावाचे जाळे विणले. आज त्यात शंभराहून अधिक वेधशाळा आहेत. अलिबाग आणि हैदराबाद त्यांपैकीच. सहभागी होण्याच्या अटी सोप्या, पण कडक आहेत. मोजमाप ठरलेल्या अचूकतेचे हवे, दर मिनिटाची विदा ठरलेल्या स्वरूपात हवी आणि ती लवकरात लवकर सर्वांसाठी पाठविली पाहिजे. त्या मोबदल्यात प्रत्येकाला इतर सर्वांची विदा मिळते. एक द्यावे आणि शंभर घ्यावे, असा हा व्यवहार आहे.

या सामाईक भांडारातून काय निघते, याची तीन उदाहरणे पाहू. हवाई, प्वेर्तो रिको, दक्षिण आफ्रिका आणि जपान येथील चार वेधशाळांच्या आकड्यांवरून क्योटो येथे वादळाच्या जोराचे माप काढले जाते. जगभरातील तेरा वेधशाळांच्या नोंदींवरून जर्मनीत दर तीन तासांचा अस्वस्थता-निर्देशांक ठरतो. आणि वेधशाळा व उपग्रह यांच्या एकत्रित विदेवरून पृथ्वीच्या क्षेत्राचे गणिती प्रारूप दर पाच वर्षांनी नवे केले जाते. मोबाइलमधील होकायंत्र खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतील फरक याच प्रारूपावरून दुरुस्त करते.

या व्यवस्थेचा नाजूकपणाही एकदा दिसून आला. उत्तर चुंबकीय ध्रुव कॅनडाकडून सायबेरियाच्या दिशेने अपेक्षेहून वेगाने सरकू लागल्याने, पाच वर्षे पूर्ण होण्याआधीच प्रारूप सुधारावे लागले. नवे प्रारूप जानेवारी २०१९ मध्ये यायचे होते. परंतु त्याच दिवसांत अर्थसंकल्पाच्या वादामुळे अमेरिकेचे सरकारी कामकाज ठप्प झाले, आणि सर्व जग वापरत असलेले हे प्रारूप फेब्रुवारीपर्यंत लांबले. एका देशाच्या कार्यालयाला कुलूप लागले, की इतरांचेही काम थांबते. १९५७ मध्ये प्रत्येक विदेच्या अनेक ठिकाणी प्रती ठेवण्याचा जो आग्रह धरला गेला, त्याचे शहाणपण अशा वेळी पटते.

मे २०२४ मध्ये गेल्या दोन दशकांतील सर्वांत मोठे चुंबकीय वादळ आले. त्याचा जोर उणे ४००च्या आसपास होता. लडाखमधील हानले येथूनही आकाशात लाल आभा दिसली. या वेळी मात्र जगाला आधीच सूचना मिळाली होती. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर सूर्याच्या दिशेने ठेवलेली याने कणांचा झोत पृथ्वीवर आदळण्यापूर्वी मोजत होती. भारताचे आदित्य-एल१ हे यानही त्याच वर्षी जानेवारीत तेथे पोहोचले होते. १८५९ मध्ये कुलाब्याचा आकडा जगासमोर येण्यास वर्षे लागली. आता तो काही मिनिटांत पोहोचतो.

देण्यातील अडचणी

तंत्रज्ञानाने देणे सोपे केले, तरी देण्याचे प्रश्न संपलेले नाहीत. पहिला प्रश्न विदा समजण्याचा. नुसता आकडा पाठवून भागत नाही. कोणत्या यंत्राने, कोणत्या घड्याळाप्रमाणे, कोणत्या एककात, हे सोबत लिहिलेले नसेल तर तो निरुपयोगी ठरतो. जुनी मुंबईची स्थानिक वेळ आजच्या भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. ही एक गोष्ट विसरली, तरी १८५९चे वादळ चुकीच्या वेळी सुरू झाल्यासारखे दिसेल. म्हणूनच २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी विदेसाठी चार अपेक्षा शब्दबद्ध केल्या. ती शोधता यावी, मिळविता यावी, इतर विदेशी जोडता यावी आणि पुन्हा वापरता यावी.

दुसरा प्रश्न श्रेयाचा. वेधशाळा वर्षानुवर्षे चालविणाऱ्यांचे नाव शोधनिबंधावर क्वचितच येते. ज्यांच्याकडे मोठे संगणक आणि मनुष्यबळ आहे, ते इतरांची विदा घेऊन आधी निष्कर्ष प्रसिद्ध करतात. गरीब देशांतील संशोधकांना म्हणूनच पूर्ण मोकळीक देताना भीती वाटते, आणि ती निराधार म्हणता येत नाही. विदेलाही ग्रंथाप्रमाणे कर्त्याचे नाव असावे आणि ती वापरणाऱ्याने तिचा उल्लेख करावा, ही प्रथा आता रुजते आहे. २००३च्या निबंधावर भारतीय संस्थेची नावे होती, हे या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

तिसरा प्रश्न गुप्ततेचा. नकाशे आणि जमिनीची मोजमापे यांवर संरक्षणाच्या कारणास्तव आपल्याकडे दीर्घकाळ कडक निर्बंध होते. २०१२ च्या राष्ट्रीय विदा धोरणाने सरकारी विदा लोकांसाठी खुली करण्याचे तत्त्व स्वीकारले आणि २०२१ मध्ये भू-स्थानिक विदेवरील पुष्कळ बंधने सैल झाली. तत्त्व आणि प्रत्यक्ष व्यवहार यांत अंतर असतेच. पण दिशा योग्य आहे.

आणि आपली नोंदवही

आता सुरुवातीला राखून ठेवलेली गोष्ट. आपल्या शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक होता, हे अनेक माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. वसतिगृहातील मुलांच्या पाळ्या लावून पावसाळ्यात रोज सकाळी ठरलेल्या वेळी पाणी मोजले जाई आणि विज्ञानाच्या खोलीतील जाड पुठ्ठ्याच्या वहीत तो आकडा, तारीख व मुलाची सही अशी नोंद होई. या लेखाच्या निमित्ताने आम्ही त्या वह्या शोधल्या. काही सापडल्या. मधल्या काही वर्षांच्या सापडल्या नाहीत. इमारतीच्या दुरुस्तीच्या वेळी सामान हलविताना त्या रद्दीत गेल्या असाव्यात. ती चूक आमचीच आहे, आणि ती येथे मान्य करणे आम्हांला आवश्यक वाटते.

गावातील पाऊस हा काही कुलाब्याचे वादळ नव्हे. परंतु पाऊस कसा बदलतो आहे, याचा अंदाज मोठ्या शहरांतील मोजक्या केंद्रांवरून पुरता येत नाही. एका डोंगराच्या दोन बाजूंचा पाऊसही सारखा नसतो. एकाच जागी, एकाच पद्धतीने, सलग अनेक वर्षे केलेली साधी नोंद पुढे कोणाच्या उपयोगी पडेल, हे नोंद करणाऱ्याला ठाऊक नसते. १८५९ मध्ये कुलाब्यात मोजपट्टी वाचणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हते. त्याने आपले काम केले, मूस यांनी ते छापले, आणि एकशे चव्वेचाळीस वर्षांनी तीन देशांच्या शास्त्रज्ञांना त्याचा आधार मिळाला.

यातून आम्ही तीन गोष्टी ठरविल्या आहेत. उरलेल्या वह्यांची पाने छायाचित्रे घेऊन संगणकात जतन करायची, आणि त्यांतील आकडे दोन वेगवेगळ्या विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे उतरवून एकमेकांशी ताडून पाहायचे. पर्जन्यमापक पुन्हा बसवायचा आणि नोंदीसोबत तो कुठे, किती उंचीवर बसविला, वेळ कोणती, हेही लिहायचे. आणि नोंद एका वहीत न ठेवता तिच्या प्रती निदान तीन ठिकाणी ठेवायच्या.

चौथी गोष्ट मात्र आमच्या हाती नाही. ती या स्मरणिकेच्या वाचकांच्या हाती आहे. कोणा माजी विद्यार्थ्याने तेव्हा स्वतःच्या डायरीत पावसाचे आकडे उतरवून घेतले असतील, कोणा पालकाच्या घरी मुलाच्या जुन्या वह्यांत एखादा तक्ता राहिला असेल, तर तो फेकून देऊ नये. मूळ कागद आम्हांला नको. त्याचे छायाचित्र पुरे. ज्याने तो आकडा लिहिला, त्याचे नाव त्या आकड्याशेजारी आम्ही लिहू.